गूळ न खाणारा माणूस

बेळगावहून रामनगरला जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा पटकावली आणि पेपर उघडला. त्या हिवाळ्यात पेपर उघडणं म्हणजे आपण होऊन डोकं तापवून घेणं होतं. पहिल्या पानावर दंगल, संचारबंदी, पोलिसांनी कुणाला उचललं आणि कुणाकडे कानाडोळा केला. आतल्या पानावर जंगल वाचवा म्हणणाऱ्यांचं पत्रक. या सगळ्या बाबतींत माझी मतं ठाम होती. पोलिसांनी नाव विचारून गुन्हेगार ठरवू नये, आणि जंगल राखायचं तर जंगलात राहणाऱ्यालाच चोर समजून राखू नये. सांगलीला आमच्या घरी ही मतं रोज जेवताना सगळ्यांना ऐकवून झाली होती. त्यामुळे चार दिवस मावसभावाकडे जाऊन येते म्हटल्यावर मला कुणी अडवलं नाही.

खानापूर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी रान रस्त्यावर आलं. रामनगर दिसलं ते आधी ट्रकांच्या रांगेतून. गोव्याला जाणारे, गोव्याहून येणारे, हॉटेलापुढे तोंडं धुणारे ड्रायव्हर, आणि दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी आतून येणारं बोलणं मराठी. माझा मावसभाऊ दत्ता याचं इथे धान्याचं दुकान आहे. त्याने मला बघताच, "अक्का, आलीस व्हय?" म्हणून पिशवी हातातून घेतली. मी त्याला सख्ख्या बहिणीसारखीच, आणि इथे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि ते कानाला फार बरं वाटतं.

दत्ताने सांगितलं की सकाळी बाजारकुणंग गावाच्या पलीकडे एका वाडीवर जायचंय. ही वाडी कुणब्यांची, पिढ्यान्‌पिढ्या रानात भात पिकवणाऱ्यांची. वाडीच्या देवराईत एक झरा आहे आणि सगळी वाडी त्याच्यावर जगते. वादळी वाऱ्यात एक जुनी जांभळी नेमकी त्या झऱ्याच्या तोंडावर आडवी झाली होती. पाणी पन्हळीत यायचं बंद झालं आणि भलतीकडेच ओघळीत जाऊ लागलं. बायका खाली नदीवरून कळशा आणत होत्या. आता रामनगरचा इमामसाब जांभळी कापायला जाणार होता, आणि त्याच्याबरोबर आम्ही.

इमामसाब स्टँडवर आमच्या आधी येऊन बसला होता. पन्नाशीचा, काटक, तोंडात पानाचा विडा, आणि मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली लांब करवत. त्याने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. गाडी सुटल्यावर कुठलं झाड कशाचं हे तो सांगत होता आणि मी दर वेळी चुकीचं ओळखत होते, त्यात आमचा वेळ मजेत गेला.

मग जंगलखात्याचा नाका आला. दिवस तणावाचे म्हणून तिथे एक पोलीस हवालदारही बसवलेला होता, नुकताच घाटावरून बदलून आलेला. "इळीरी (उतरा)," तो म्हणाला आणि आम्ही सगळे उतरलो. गाडीतल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेच्या आकडीला अडकवलेले कोयते होते. हवालदाराने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोणपाट मात्र त्याने उलगडायला लावलं.

"गरगस (करवत)? रानात करवत घेऊन कुठं? नाव काय तुझं?"

इमामसाबने नाव सांगितलं. हवालदाराचा चेहरा बदलला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्याने करवत आपल्या टेबलामागे ठेवली आणि इमामसाबला बाकावर बसायला सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे कोयतेही कापतात, त्यांची नावं नाही विचारलीत ती?

"बाई, दिवस कसले हायत? पेपर वाचत न्हाई काय तुमी?"

"रोज वाचते. म्हणूनच विचारते आहे."

त्याने ड्रायव्हरला गाडी काढायची खूण केली. मला तिथेच ठाण मांडायचं होतं, पण इमामसाबनेच हात हलवून आम्हाला जायला सांगितलं. जानूला निरोप द्या, म्हणाला, करवतबी नाक्यावर हाय आणि माणूसबी. आवाज शांत होता. मान मात्र त्याने खाली घातली होती, आणि मला ते सहन झालं नाही.

जानू गावकर हा वाडीचा प्रमुख. म्हातारा, कमरेला लंगोटीवजा धोतर, खांद्यावर कांबळं. नव्या पाहुण्याने आधी देवाला जायचं अशी इथली रीत, म्हणून निरोप सांगायच्याही आधी त्याने आम्हाला चपला काढून देवराईत नेलं. आत थंडगार होतं. वेलींनी बांधलेली प्रचंड झाडं, मधोमध शेंदूर लावलेला एक दगड, आणि पलीकडे झऱ्यावर पडलेली जांभळी. जानूने माझ्या हातावर गूळ-खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. मी तो खाल्ला आणि मग नाक्यावर काय झालं ते भडाभडा सांगितलं. शेवटी हेही म्हटलं की वाडीत एवढे पुरुष, एवढे कोयते, मग तहानलेलं राहून त्याची वाट कशाला बघता? आणा एखादी करवत, मी हात लावते.

दत्ता जमिनीकडे बघायला लागला. जानू हसला.

"बाई, आता गूळ खाल्लासा न्हवं? मग तुमचाबी हात बांधला."

मग त्याने सांगितलं ते असं. या देवाचा प्रसाद ज्याने खाल्ला त्याने या रानातल्या वाळक्या काटकीलाही हात लावायचा नाही. वाडीतलं पोर उष्टावलं जातं ते याच प्रसादाने, त्यामुळे वाडीत मोकळा हात एकही नाही. पण झाड कधी वाटेवर पडतं, कधी पाण्यावर. म्हणून जुन्या माणसांनी इमामसाबच्या आज्याला बोलावलं. गावकर दाखवेल तेवढंच त्याने कापायचं, आणि कापलेलं लाकूड तिथेच कुजायला सोडायचं. त्या घराने हा प्रसाद आजवर खाल्लेला नाही.

"आमच्या हातावर आमचाच इस्वास न्हाई, बाई. म्हणून हत्यार त्येंच्याकडं ठिवलंय."

पुढचं भाषण मी गिळून टाकलं. माझ्या बाबतीत असं क्वचित घडतं.

जानूने आरडाओरडा केला नाही. बायकांना फक्त कळशा उचलायला सांगितल्या आणि सगळी वाडी नाक्याकडे चालू लागली. तिथे पोचल्यावर बायकांनी रिकाम्या कळशा रस्त्यावर मांडल्या आणि त्यांच्यामागे त्या बसल्या. घोषणा नाही, काही नाही. गलका नसल्यामुळे हवालदाराला नेमकं काय करावं ते कळेना. जंगलखात्याचा साहेब आतून बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाण्यासाठी असेल तर हरकत नाही, माझे मजूर पाठवतो, ते कापतील.

"कापू द्या की," जानू म्हणाला. "पण साहेब, तुमी बदलून आलासा तवा आमच्या देवाम्होरं नारळ फोडलासा. खोबरंबी खाल्लासा. मजुरांनाबी दिलासा."

साहेबाने मजुरांकडे पाहिलं. मजूर झाडांकडे बघू लागले. प्रसाद न खाल्लेला सरकारी माणूस नाक्यावर एकच होता, तो हवालदार, आणि करवत चालवणं आपलं काम नव्हे असं त्याने कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. बायका पदराआड हसल्या. साहेबाने बराच विचार करून इमामसाबला जायला सांगितलं, मी स्वतः बरोबर येतो म्हणाला.

इमामसाब बाकावरून उठला नाही.

"साहेब देवाला भ्याला म्हणून मला सोडतोय. माझ्यावर इस्वास ठिवून न्हाई."

जानू त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"त्यो कशाला भ्याला ते त्येचं त्यो बघंल. आमी तुला बोलवायला आलोय. पाणी तुझ्या हातात हाय."

इमामसाब उठला. टेबलामागे गेला, आपली करवत स्वतः उचलली, गोणपाट तिथेच टाकलं आणि उघडी करवत खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागला. हवालदार बाजूला झाला.

देवराईत आम्ही सगळे हात बांधून उभे. साहेबसुद्धा. इमामसाबने दोन जागी जांभळी कापली आणि मधला ओंडका पहारेने ढकलून दिला. घामाने तो निथळत होता, पण मदत करायची सोय कुणालाच नव्हती. पाणी आधी गढूळ आलं, थोड्या वेळाने नितळ झालं आणि पन्हळीतून वाजत वाडीकडे गेलं. पहिली कळशी जानूच्या सुनेने भरली आणि इमामसाबच्या हातांवर ओतली. ती रीत आहे म्हणे.

दुपारी जानूच्या ओसरीवर पंगत बसली. लाल भात, कोन (एक मोठा कंद) घालून केलेली आमटी, वाळक्या बांगड्याचा तुकडा. इमामसाब साहेबाच्या शेजारी जेवत होता. शेवटी गूळ फिरला तो मात्र त्याला टाळून पुढे गेला. मी सवयीने माझ्यातला अर्धा त्याच्यापुढे केला. तो मोठ्याने हसला.

"मी खाल्ला तर म्होरल्या बारीला कापणार कोण?"

मी झटकन हात मागे घेतला.

परतीच्या गाडीला निघताना जानूने मला पानात बांधून भरपूर गूळ दिला. नाक्यावर गाडी थांबली. हवालदार आत चढला, इमामसाबच्या मांडीवरची करवत त्याने पाहिली आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग माझ्या हातातल्या पुडीकडे बघून जरा संकोचाने म्हणाला, त्या देवाचा प्रसाद असला तर थोडा मिळेल काय.

मी इमामसाबकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते.

"द्या, बाई. चांगला मूठभर द्या."

हवालदाराने गूळ कपाळाला लावला, डोळे मिटून खाल्ला आणि खाली उतरला. गाडी हलली. इमामसाबने करवतीवरून हात फिरवला.

"हाबी बांधला," तो म्हणाला.

रामनगर येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. पुढे ड्रायव्हरजवळ बसलेल्या दत्ताला आम्ही शेवटपर्यंत कारण सांगितलं नाही.

बेळगावला मी पुन्हा पेपर घेतला. बातम्या त्याच होत्या आणि माझी मतंही तीच राहिली, उलट आणखी पक्की झाली. पण सांगलीला पोचल्यावर या वेळी मी जेवताना भाषण केलं नाही. पुडी सोडली, घरातल्या एकेकाच्या हातावर गूळ ठेवला, आणि सगळ्यांनी तो खाऊन संपवल्यावर मगच त्याचा नियम सांगितला.