जेवता हात

रेवसच्या धक्क्याला आगबोट लागली तेव्हा माझ्या ट्रंकेत एक वही होती आणि डोक्यात भरपूर मिजास. मी पुण्याच्या व्यायामशाळेतला मास्तर. देशोदेशींच्या झुंजण्याच्या रीतींवर सचित्र पुस्तक काढायला घेतलं होतं. मुंबईच्या गोदीत एका जपानी खलाशाकडून जुजुत्सू शिकलो होतो, गोऱ्या सोजिरांचं बॉक्सिंग पाहिलं होतं. दोन्हींचं सार एकच, वार आला की अंग चुकवा. आपला दांडपट्टा तेवढा राहिला होता, म्हणून किहीमजवळच्या धर्माजीबाबांकडे निघालो.

बैलगाडीने हाडं खिळखिळी केली. गाडीवान म्हणाला, "पट्टेवाल्या म्हाताऱ्याकडं? त्यानं दहा वर्सं पट्टा उचललेला न्हाय."

"का बरं?"

"त्यालाच इचारा," म्हणत त्याने बैलाची शेपटी पिरगाळली.

बाबा सत्तरीचे, काटक. नारळाच्या वाडीत (बागेत) घर. त्यांच्या गणूने, म्हणजे पन्नाशीच्या मुलाने, तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) वाढली. चव काय सांगू! पण तो डाव्या हाताने वाढत होता, ते मला खटकलं. उजवा हात पंचाखाली होता.

जेवण झाल्यावर मी सहज बोलून गेलो, "बाबा, तळहातावरचं लिंबू कापतात म्हणे. दाखवा की!"

बाबा एकदम ताठ बसले. "मागितलंत? दहा वर्सांत कुनी मागितलं न्हाय. मग उद्या सकाळी. आमच्या आखाड्याची रीत हाय, लिंबू मागंल त्याच्याच जेवत्या हातावर ठेवायचं."

हाच हात लिहितो, हाच चित्रं काढतो! नाही म्हणावं, तर जेवताना बाबांपुढे मारलेल्या बढाया आठवल्या. झक मारली आणि लिंबू मागितलं.

सकाळी विहिरीवर गणू तोंड धूत होता, तेव्हा त्याचा उजवा हात दिसला. दोन बोटं नव्हती.

"दहा वर्सांमागं लिंबू मीच मागितलं व्हतं," गणू म्हणाला. "बाबांचा हात न्हाय चुकला, मास्तर. मी हाललो. तुमी हालू नका, म्हंजे झालं."

म्हंजे झालं! अहो, आयुष्यभर हलायलाच शिकलो होतो मी. वार दिसला की माझं अंग मला न विचारता सरकतं.

अंगणात बाबांनी कोपरापर्यंतच्या लोखंडी मुठीत हात घातला. लवलवतं पातं जमिनीला टेकलं होतं आणि त्याचं टोक थरथरत होतं. म्हणजे म्हातारा थरथरत होता! लिंबू तळहातावर आलं. मी भ्यालो, साफ भ्यालो. पळ, असं पायांना सांगितलं. पाय ऐकेनात. बोटं मिटावीशी वाटली, तीही मिटेनात. पातं सणसणत दोनदा डोक्यावरून फिरलं आणि मी डोळे मिटले.

तळहाताला गार ओलं लागलं. रक्तच, असं वाटून मी ओरडलो. डोळे उघडले तर लिंबाच्या दोन फोडी आणि रस. ओरखडासुद्धा नव्हता.

बाबांनी पट्टा खाली टेकवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गण्या, बघितलास? माझा हात न्हाय चुकत रं!"

"मी कवा म्हनलो चुकला?" गणू म्हणाला आणि आपल्या तुटक्या हाताने बापाची मूठ सोडवू लागला.

निघताना बाबांनी मला पोटाशी धरलं. "अशा छातीचा मानूस बघितला न्हाय." मी मान खाली घातली. भीतीने माझं लाकूड झालं होतं, हे त्यांना सांगायची छाती मात्र झाली नाही. आगबोटीवर वही उघडली. दांडपट्ट्याच्या पानावर पवित्रा काढला, पण लिंबू धरणाऱ्या माणसाला चेहरा काढवेना.

घरी पोचलो, जेवायला बसलो. बायकोने विळी ओढली आणि लिंबू चिरलं. माझा उजवा हात घासासकट पाठीमागे गेला.

"अगंबाई, काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो. "आज लिंबू नको."