तुटक बोलणारं घर

मराठी भाषेचं राज्य नवं होतं आणि मीही नवी. मेहकरहून लग्न होऊन पिंपळगाव राजाकडच्या एका शेतकरी घरात आले. माहेरी आम्ही सगळे बडबडे. इथे सासू बोलायची ती 'ऊठ', 'जेव', 'चाल', बस्स एवढंच. अस्सा राग यायचा! सून आणली की बैल? तुटक बोलणं म्हणजे माया तुटलेल्या माणसाचं बोलणं, असा अर्थ मी लावून टाकला होता.

एकदा नवऱ्याला विचारलंच, "तुमच्या आईला माझं काय वावडं आहे?"

"आई अशी नव्हती," तो म्हणाला. त्याची धाकटी बहीण लहानपणी वावरातल्या विहिरीत पडून गेली होती. भर दुपारी "माय बलावते" म्हणत तुरीत शिरली. आई त्या वेळी घरी भाकरी थापत होती. तेव्हापासून घरात रीतच पडली, लांब बोलायचं नाही. विहिरीत जी कोण बाई आहे ती ऐकते, माणसाचा आवाज उचलते आणि त्याच आवाजात हाक मारते. म्हणून शब्द तोंडातून निघाला की तोडायचा, दोरा दातानं तोडतात तसा. तुटक बोलणं या घरात आलं ते असं. मी मनात म्हटलं, हूं, बहाणे!

पुढे कापसाची वेचणी लागली. मधली तूर डोक्याच्या वर गेलेली. दुपारी कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरत आली तेव्हा वावर एकदम गप्प झालं. पाखरूसुद्धा बोलेना. आणि तुरीतून सासूची हाक आली.

"ये वं माय, दमली असशीन. काऊन उन्हात राबून राह्यली? ये, बस जराशी माह्याजवळ."

काय गोड आवाज! लग्नानंतर मला कुणी माय म्हटलंच नव्हतं. डोळे भरून आले. 'आले, आत्याबाई' हे अगदी ओठावर आलं आणि मी तुरीत शिरले.

मागून कुणीतरी दंड धरून हिसडा दिला.

"कुठी?"

वळून बघते तर सासू. घामानं भिजलेली, ओठ घट्ट मिटलेले. आणि पुढून तिचाच आवाज येतच होता, "ये ना वं माय, ये..." माझ्या पायापुढच्या गवतात विहिरीचं काळं तोंड होतं. कठडा नव्हता.

बांधावर येऊन बसले. पाणी प्याले, मग विचारलं, "आत्याबाई, तुम्हालाही हाक येते?"

"येते."

"कुणाच्या आवाजात?"

त्या ओटीतल्या कापसातला पाला निवडत राहिल्या. "पोरीच्या."

मला रडू कोसळलं. "मग काय करता हो?"

"ओ देत नाही."

तुरीकडे पाठ करून त्यांनी आपली पात धरली आणि वेचायला लागल्या.