पाच फ्लॉप्यांना कुंकू

आमच्या घरात त्या काळी दोन देव होते. एक देवघरात आणि दुसरा बाहेरच्या खोलीत, टेबलावर, टॉवेल पांघरून. दुसऱ्याचं सोवळं जास्त कडक. चपला बाहेर, हात धुतलेले, आणि बायकोनं तर जवळ फिरकायचंसुद्धा नाही. "तुला काय कळतंय त्यातलं?" हे ह्यांचं ठरलेलं वाक्य.

हे परभणीच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. जिल्ह्यातल्या शेतीच्या शब्दांवर सहा वर्षं पीएच.डी. चालली होती आणि जुना संगणक त्यासाठीच घेतला होता. विद्यापीठाचं नामांतर नुकतंच झालेलं. पहिल्या पानावर नवं नाव घालून आठ दिवसांत प्रबंध द्यायचा होता. छपाईसाठी मराठी अक्षरांचा नवा प्रोग्राम आणला, तर तो जुन्या डॉसवर चालेना. डॉस म्हणजे ज्याच्या जिवावर सगळा संगणक चालतो ते. नांदेडच्या मित्रानं तीन फ्लॉप्यांवर नवीन डॉस पाठवला. सोबत चिठ्ठी: जुनं सगळं पुसून टाक, मग हे घाल.

आता माझी चोरी सांगते. हे कॉलेजात गेले की दुपारी मी त्या देवापुढं बसायची. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत पहारा द्यायच्या आणि ह्यांची स्कूटर वळली की खोकायच्या. बदल्यात मी त्यांना प्रबंध वाचून दाखवायची. ऐकता ऐकता त्या उसळायच्या. ह्यांनी लिहिलं होतं, 'चाडे: बी ठेवण्याची टोपली'. सासूबाई पेडगावच्या शेतात राबलेल्या. "टोपली कशाची डोंबलाची! तिफणीवरचं लाकडी भांडं असतंय ते. बाईनं मुठीनं त्याच्यात बी सोडायचं. मी चौदा वर्षं सोडलंय. ह्यानं कुणाला इचारलं?" मी मुकाट दुरुस्त करायची. ह्यांच्या प्रतीत नव्हे, काय बिशाद! माझी वेगळी प्रत होती, दोन फ्लॉप्यांवर, ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत. शालूला हात लावायचं ह्यांना काय कारण?

आणखी एक आगाऊपणा केला होता. ऋणनिर्देशात ह्यांनी मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, अगदी तिथं माठ भरणाऱ्याचेसुद्धा आभार मानले होते. आम्हा दोघींचा पत्ताच नाही. मला लय राग आला. माझ्या प्रतीत सगळ्यात खाली मी एक ओळ घातली.

तर रविवारी सकाळी ह्यांनी प्रबंध आपल्या दोन फ्लॉप्यांवर उतरवून घेतला आणि संगणक पुसायला लावला. त्याला वेळ लागणार म्हणून चहाला आत आले. परत गेले आणि किंकाळीच ऐकू आली.

टेबलावर ताट होतं. ताटात पाच फ्लॉप्या, तीन नव्या, दोन ह्यांच्या. त्या वेळच्या मोठ्या, लवचीक फ्लॉप्या. मध्ये एक लांबट खिडकी, आतली तबकडी दिसायची. तिला बोट लावायचं नाही हा पहिला नियम. त्या खिडकीत, पाचही ठिकाणी, ओलं हळदकुंकू आणि वर अक्षता.

"आई! हे काय केलंस?"

"पूजा केली. नवी वस्तू घरात आली की करतोत की न्हाई? तुझ्या स्कूटरची केली तवा न्हाई वरडलास. आन् कुंकवाला जागा बी ठिवलीय की त्यांनी."

मला हसू फुटलं, खरं सांगते. ह्यांनी रुमालानं पुसलं तर रंग आणखी आत गेला. एकेक फ्लॉपी घालून बघितली. यंत्र नुसतं करकरायचं आणि वाचता येत नाही म्हणायचं. डॉस परत मागवता आला असता. सहा वर्षं कुठून मागवायची? हे जमिनीवर बसले आणि लेकरासारखे रडायला लागले. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

तरीही माझं तोंड उघडेना. सांगितलं की माझ्या दुपारी गेल्या!

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग लेकाकडं. "रडू नको रे. सुनंला येतंय की ते समदं. रोज दुपारी तेच करायलीय ती."

"आत्याबाई!" मी ओरडले. पण आता काय, चोर पकडला गेला होता.

मी शालू आणून टेबलावर उलगडला. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास. ह्यांच्यादेखत ह्यांच्या खुर्चीत बसले, कपाटातल्या जुन्या डॉसच्या आणि जुन्या मराठी प्रोग्रामच्या फ्लॉप्यांवर संगणक चालू केला आणि माझी फ्लॉपी घातली. पडद्यावर पहिलं प्रकरण आलं.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"शिकवलं कुणी?"

"तुमीच की. हे दाबू नको, ते दाबू नको म्हणून रोज ओरडायचात. काय दाबायचं नाही ते कळलं, मग उरलं काय?"

हे वाचत बसले. चाड्यापाशी थांबले. "हा अर्थ कुणी दिला?"

"म्या दिला," सासूबाई तांदळातून मान न काढता म्हणाल्या. "टोपली म्हनं!"

शेवटी ऋणनिर्देश जवळ आला तशी मी स्वयंपाकघरात पळाले.

तीन दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर नव्या फ्लॉप्या आल्या. डॉस मी घातला. हे शेजारी उभं राहून चिठ्ठी वाचून दाखवत होते.

प्रबंध बांधून आला तेव्हा मी आधी ऋणनिर्देश उघडला. माझी ओळ होती: 'माझ्या चुका माझ्या पाठीमागं दुरुस्त करणाऱ्या माझ्या आईचा आणि पत्नीचा मी ऋणी आहे.' एक शब्दही बदललेला नव्हता. फक्त तळातून उचलून सगळ्यात वर, मार्गदर्शकांच्याही आधी घातली होती. मी सासूबाईंना ती वाचून दाखवली. त्या उठल्या, करंडा आणला आणि बोट कुंकवात बुडवून त्या ओळीवर टेकवलं.

ह्यांनी पान नीट धरून ठेवलं होतं.