मायच्या ताब्यातली म्हैस

परभणीच्या कोर्टात माझं अर्धं आयुष्य ताब्यावर बोलण्यात गेलं. घराचा ताबा, शेताचा ताबा, लेकरांचा ताबा. ताबा म्हणजे मालकी नव्हे, हे मी पक्षकारांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. पण पाथरीजवळच्या आमच्या गावात माझ्या मायकडे एका म्हशीचा ताबा आला आणि तिच्यापुढं माझी वकिली पार लंगडी पडली.

झालं असं की, गावातल्या दोन भावांची वाटणी झाली आणि एका गाभण म्हशीवरून सगळं फिसकटलं. थोरल्यानं धाकट्यावर चोरीची तक्रार ठोकली. पोलिसांनी म्हैस जप्त केली खरी, पण ठाण्यात तिला ठेवायचं कुठं? पहिल्याच दिवशी तिनं साहेबांची जास्वंद फस्त केली. दोघंही मालकी सांगत होते, म्हणून निकाल लागेपर्यंत म्हैस तिऱ्हाइताकडं सुपूर्द करायची ठरली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या त्या भावांना एकच नाव मान्य झालं, माझ्या मायचं. जमादारानं तिची सही घेतली आणि दावं तिच्या हातात दिलं.

वडील गेल्यापासून माय घरात एकटीच होती. माझ्याकडं परभणीला यायची नाही, आणि फोनवर "बरं हाय" याच्यापुढं बोलायची नाही. मला तिची फार काळजी वाटायची. म्हैस आली आणि मायचे फोन थांबेनात. "आज लय रुसली बग म्हैस, वैरणीला तोंडच लावंना." तिचा आवाजच बदलला होता.

फक्त, ताब्याचा अर्थ तिनं स्वतःच्या मनानं लावला. सेलूला भाचीचं लग्न निघालं, तर हिनं जमादाराला फोन करून विचारलं, "गाव सोडून जाऊ का?" मी म्हटलं, "अगं माय, म्हैस तुझ्या ताब्यात आहे, तू म्हशीच्या नाहीस."

"तुला काय कळतंय? जिम्मा माजा हाय," ती म्हणाली, आणि लग्न बुडवलं.

पुढं म्हैस व्याली, वगार झाली. खरवस मिळेल म्हणून मी जिभल्या चाटत गावी गेले, तर मायनं माझ्यापुढं कोरा चहा ठेवला. चिकाचे दोन सारखे वाटे करून तिनं दोन्ही भावांकडं पोचवले होते. "अमानत हाय. आपुन थेंब घ्यायचा न्हाई." जो चारा घालतो त्यानं थोडं दूध घेतलं तर कोणी फासावर देत नाही, असं मी समजावू लागले. ती म्हणाली, "मग तूच पी तुजा कायदा." मी निमूट कोरा चहा प्यायले.

दूध न्यायला रोज सकाळी दोघी जावा आपापली चरवी घेऊन आमच्या अंगणात यायच्या. आधी एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहायच्या. पण म्हैस पान्हा सोडायला वेळ लावायची, आणि बाईमाणूस गप्प तरी किती राहणार! आधी वगारीवर बोलणं झालं, मग लेकरांच्या तापावर, मग दोघींच्या नवऱ्यांच्या हट्टीपणावर. या शेवटच्या विषयावर त्यांचं इतकं एकमत झालं की दसऱ्याआधीच समेट ठरला. म्हैस थोरल्याची, वगार धाकट्याची, गोठा एकच.

मायनं फोनवर मोठ्या आनंदानं ही बातमी दिली आणि सांगता सांगता मधेच गप्प झाली. मला राहवेना. समेटाचे कागद कोर्टात दाखल करायचं काम दोघा भावांनी माझ्याकडंच दिलं होतं. गावी जाऊन मी तिला हळूच म्हटलं, "चार तारखा वाढवून घेते. तेवढे महिने म्हैस राहील तुझ्याकडं." तारीख वाढवणं म्हणजे आमच्या धंद्यात हातचा मळ.

माय भडकली. "राखायला दिलेली वस्तू मागितल्यावर देत न्हाईत, त्याला काय म्हणतेत तुमच्या कोर्टात?"

मला शब्द ठाऊक होता, अपहार. मी कागद वेळेत दाखल केले.

हुकूम झाल्यावर म्हशीला नेण्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. मायनं तिला धुतलं, शिंगांना तेल लावलं आणि दावं थोरल्याच्या हवाली केलं. "कासेला गार हात लावू नका गं," असं जावांना बजावलं. म्हैस एकदाही मागं न बघता वगारीला घेऊन चालती झाली. मला त्या म्हशीचा मनापासून राग आला. माय रिकामा गोठा कितीतरी वेळ झाडत राहिली.

दुसऱ्या दिवशी माझं कोर्ट होतं. मी पिशवी उचलली.

"जायलीस?" मायनं खराटा न थांबवता विचारलं. "ऱ्हा की दोन दिस. आता राखायला काईच न्हाई मला."

तिनं माझ्याकडं असं कधी काही मागितलं नव्हतं. मी ओसरीवर बसले, सोबतच्या वकिलाला फोन लावला आणि उद्या माझ्यासाठी तारीख मागून घे, घरी अडचण आहे, असं सांगून फोन ठेवला.

"अडचण कशाची?" माय गोठ्यातून ओरडली. "सांग की, मायनं ठेवून घेतलंय म्हून."

मी परत फोन लावला आणि तसंच सांगितलं.