काळी गाडी की पांढरी

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. लोक म्हणतात, नशीबवान हो शेवंती. नशीबवान! एक महिना ह्या माणसाबरोबर संसार करून दाखवा म्हणावं.

अठरा वर्षं हे गिरगावच्या गंगाधर वकिलांची गाडी चालवत होते. काळी, लढाईच्या आधीची विलायती. हँडल मारल्याशिवाय ढिम्म हलायची नाही, आणि गियर टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा. ह्यांच्याशिवाय ती कुणाला दाद देत नसे, म्हणूनच काळाचौकीच्या खोलीत आमची चूल पेटत होती. हे मला कळत होतं, ह्यांना नाही.

एकोणसाठ साली वकिलांनी पांढरी अँबॅसडर आणली. म्हणाले, "लवू, आठ दिवस काळी चालव, आठ दिवस ही. मग सांग कुठली ठेवू. नवी ठेवली तर मीच शिकेन म्हणतो चालवायला."

त्या संध्याकाळी मी हात जोडले. "काय वाट्टेल ते करा, पण नव्या गाडीला नावं ठेवा."

"खोटा सांगू?"

"एकदा सांगितलंत तर जीभ झडणार नाही!"

"साहेबांनी विश्वासान विचारल्यानी गो. खरा बोलणाऱ्याक ते सोडूचे नाय."



पहिले आठ दिवस काळी. रोज खांदा धरून घरी यायचे, मी तेल चोळत बसायची. एकदा तर ती संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात बंद पडली. लालबागच्या गिरणीवाल्यांनी घोषणा देत देत धक्का मारला, तेव्हा कुठे बाईसाहेब चालू झाल्या. दुसऱ्या आठवड्यात पांढरी. आता खांद्याचं नावच नाही! "आत बसान चालू होता गो. वाळकेश्वरची चढण चढली, कळलासुद्धा नाय." आमच्या कमलच्या बारशाला हा माणूस एवढा बोलला नव्हता. मी समजले, संपलं आपलं.

आणि तसंच झालं. वकिलांनी विचारलं, ह्यांनी सांगून टाकलं, "साहेब, काळी देखणी आहे, पण थकली. नवी ठेवा." वकील शाब्बास म्हणाले, काळी विकली, आणि महिनाभर ह्यांच्याकडूनच गाडी शिकले. शिकवण्यातही कसर नाही हो! निदान रिव्हर्स तरी अर्धवट शिकवायचा. पण नाही, वकिलांना पहिल्या फटक्यात लायसन मिळालं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी वकील स्वतः गाडी चालवत ह्यांना सोडायला काळाचौकीला आले. म्हणे, गुरूला मागे बसवून नेतो. चाळीसमोर पांढरी गाडी थांबली, सगळी गॅलरी भरली. पुढे साहेब, मागे आमचे हे, मांडीवर हात ठेवून अवघडून बसलेले. पोरं टाळ्या पिटायला लागली. समोरची बकुळा म्हणाली, "शेवंते, लवूभावजींना बढती मिळाली गो!"

मला त्या गाडीला दगड मारावासा वाटला.

गाडी गेल्यावर हे जिना चढून वर आले, टोपी काढून खाली बसले. मी तोंड उघडणार होते, चांगली खरडपट्टी काढणार होते. तेवढ्यात म्हणाले, "अठरा वर्षांत मागे कधी बसूक नव्हतंय. गादी बरी आसा गो."

मला रडू फुटलं.