गुडघं दुखत्यात म्हनावं

लग्नानंतर मी हैदराबादला निघाले तेव्हा आई एसटी स्टँडच्या शेडमागे उभी होती. शेडमध्ये तात्या होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, आईचे मोठे दीर. ते माझी ट्रंक टपावर चढवून घेत होते आणि मनमाडला मला नीट उतरवून द्यायला कंडक्टरला बजावत होते. ते पुढे असल्यामुळे आईला पुढे येता येईना. आमच्या घरात बाई मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर घेते, खाटेवर बसत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. बोलायचंच झालं तर मधल्या कुणाशी तरी बोलते. आईचा निरोपही मला तसाच मिळाला. तात्यांच्या बायकोला, माझ्या मोठीआईला, ती म्हणाली, "तिला म्हनावं, पोचली की पत्र टाक. आन् नवऱ्याची वाट बघत उपाशी नको ऱ्हात जाऊ."

मला सगळं ऐकू आलं होतं. तरी मोठीआईनं ते मला पुन्हा सांगितलं, आणि मीही मोठीआईलाच "हो" म्हणाले. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

ते नव्वदीच्या दशकातले सुरुवातीचे दिवस. निफाडजवळच्या आमच्या गावात तेव्हा उसाच्या वावरांत द्राक्षांचे मांडव उभे राहत होते. नवऱ्याची नोकरी हैदराबादला होती. पुढे मलाही तिथल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात काम मिळालं. पहिल्या वर्षी मला त्या शहराचा धाक वाटायचा. भाजीवालीशी मोडक्या हिंदीत बोलायचं, शेअर ऑटोत अनोळखी बायकांना खेटून बसायचं. एकदा शेजारच्या मुस्लिम आजीनं चहा पुढे केला आणि मी संकोचले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "नक्को बोले तो भी पिलाऊँगी." माझ्याच भाषेतला शब्द परक्या तोंडी ऐकून मी स्वयंपाकघरात येऊन रडले होते. आता त्या शहरात मी हसते, भांडते, हक्कानं भाव करते.

तात्यांबद्दल लिहिणं कठीण आहे, कारण ते चांगले आहेत. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर मला नाशिकला कॉलेजात घातलं ते तात्यांनी. भावकीतले लोक कुत्सितपणे म्हणायचे, "पोरीला शिकवून काय कलेक्टर करनार का?" तात्या म्हणायचे, "करीन. मंग तुमचे सातबारे तिच्याच हातात येत्याल." गावच्या दूध संस्थेचे ते बरीच वर्षं अध्यक्ष होते. गावात कुणाला विंचू चावला तरी आधी त्यांना हाक जायची.

दोन हजार सालानंतर खासगी विमा कंपन्या खेड्यांकडे वळल्या. अशाच एका आरोग्य विमा कंपनीनं गावात आरोग्य शिबिर भरवण्यासाठी आमच्या दूध संस्थेशी भागीदारी केली. कंपनीनं डॉक्टर, औषधं आणि फलक आणायचे, संस्थेनं जागा आणि माणसं द्यायची. "गावचं आरोग्य, गावच्याच हाती." हे वाक्य फलकावर होतं. बाहेरच्यांसमोर बाया बुजतात, म्हणून नोंदणीच्या टेबलावर गावचीच जाणती माणसं बसवायची, असं कंपनीनं ठरवलं होतं. त्यासाठी त्यांना प्रशिक्षणही दिलं. इतक्या शिकलेल्या लोकांनी एकत्र बसून हे ठरवलं, याची मला आजही किळस येते. बाया कुणासमोर बुजतात हे त्यांनी एकाही बाईला विचारलं नव्हतं.

शिबिर भरलं त्या उन्हाळ्यात आईच्या छातीत गाठ होती. हे फक्त मोठीआईला ठाऊक होतं. न्हाणीत पाठ चोळून देताना तिच्या हाताला ती लागली होती. निफाडच्या दवाखान्यात जायचं तर कुणाला तरी बरोबर न्यायला हवं, कशाला जाते ते सांगायला हवं. मला फोनवर सांगायचं तर फोन तात्यांच्या बैठकीत. शिबिरात मात्र बाई डॉक्टर येणार होती, आणि तीही देवळाच्या मंडपात, घरापासून हाकेच्या अंतरावर. मोठीआई आईच्या मागेच लागली. "चल गं. पडद्याआड दाखवून येऊ. कोनाला कळतंय?" आई सकाळीच न्हाली, तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, आणि दोघी जावा रांगेत उभ्या राहिल्या.

पडदा होता, पडद्याआड बाई डॉक्टरही होती. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी टेबलापुढे उभं राहून आपला त्रास सांगायचा, मग त्या त्या डॉक्टरची चिठ्ठी मिळायची. टेबलावर तात्या होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोक्यावर नेहमीची टोपी.

आईनं पदर ओढून घेतला. तात्यांनी रीत मोडली नाही. ते मोठीआईकडे बघून म्हणाले, "इचार तिला, काय होतंय."

मोठीआईनं विचारलं, "काय होतंय गं तुला?"

आई खाली बघून तिला म्हणाली, "गुडघं दुखत्यात म्हनावं."

"गुडघं दुखत्यात," मोठीआईनं सांगितलं.

तात्यांनी हाडांच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली. आईला मलमाची ट्यूब मिळाली आणि कंपनीचं चित्र असलेली कापडी पिशवी. ती पिशवी हातात घेऊन तिचा फोटो काढला गेला. तो पुढे कंपनीच्या पुस्तिकेत छापून आला, विश्वासाबद्दलच्या एका परिच्छेदाशेजारी.

त्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा आईचा हात वर होत नव्हता. मी तिला नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं की आता फार काही हाती नाही. थंडी सरता सरता ती गेली. घरातल्या पुरुषांना कॅन्सर एवढंच सांगितलं होतं. कशाचा, हे एकानंही विचारलं नाही. शिबिरातली सगळी हकिगत मोठीआईनं मला दहाव्यानंतर सांगितली, चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता. "मला तोंड नव्हतं का? व्हतं. पर नवऱ्यापुढं, चारचौघांत, जावेच्या छातीचं कसं सांगू? माझंबी गुडघंच दुखाया लागलं गं तिथं."

पुढच्या उन्हाळ्यात तात्यांचा फोन आला. शिबिर पुन्हा होणार होतं, आणि कंपनीनं ते आईच्या स्मरणार्थ करायचं सुचवलं होतं. दीपप्रज्वलन मुलीच्या हस्ते. मी गेले. देवळापुढे मोठ्या फलकावर आईचा तोच फोटो होता, पिशवीवरच्या कंपनीच्या चित्रासकट. टाय लावलेला कंपनीचा अधिकारी मंडपात खुर्च्या मोजत होता. मी त्याला म्हणाले, "टेबलावर गावचे पुरुष बसवू नका. कुणीही परकी बाई बसवा."

तो समजूतदारपणे हसला. "मॅडम, लोकल चेहरा हा तर आमच्या मॉडेलचा गाभा आहे. लोक आपल्या माणसाशी मोकळं बोलतात. तुमच्या आईंचंच उदाहरण आम्ही सगळीकडे देतो."

तात्या शेजारीच उभे होते. ते दुखावल्यासारखे झाले. "माझ्यापुढं कोन लाजतंय गावात? समदी माझीच लेकरं हायेत."

"आई लाजली, तात्या."

"तिला तर गुडघ्याचा तरास व्हता," ते म्हणाले. "मीच चिठ्ठी दिली ना."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही लपवलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं. ग्रंथालयात शरीरशास्त्राची पुस्तकं मांडताना जो शब्द मी रोज वाचते, तो मराठीत, तात्यांच्या डोळ्यांत बघून, मला उच्चारता आला नाही. मी समई न लावता परत फिरले. मागे ध्वनिक्षेपकावर माझं नाव पुकारत होते. गावातले जे त्या दिवशी मंडपात होते त्यांना वाटलं, शहरात राहून पोरगी शेफारली. वाटू द्या. मला तो फलक सहन होत नव्हता, ते हसू सहन होत नव्हतं, आणि आमचा तो आदर, ज्यानं एका बाईचा जीव घेतला आणि ज्याच्यावर ओरखडासुद्धा उठला नाही, तोही सहन होत नव्हता.

निघण्यापूर्वी मी मोठीआईला एवढंच म्हणाले, "हैदराबादला ये. चारमिनार दाखवते."

पावसाळ्यानंतर ती आली. पहिल्या दिवशी आम्ही चारमिनार खरंच पाहिला, तिनं बांगड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या भागातल्या बाई डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तेलुगू, पण नर्स बिदरकडची, मराठी समजणारी. मोठीआई खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघू लागली. नर्सनं विचारलं, "काय त्रास आहे, आजी?" मोठीआई म्हणाली, "काय नाय. गुडघं."

तेव्हा मला कळलं की मीही गावचीच आहे. उठून मी बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. मग मोठीआई बोलू लागली, हळू आवाजात, आणि मग बराच वेळ ती थांबलीच नाही.

तिच्यानंतर गावाकडच्या बाया अधूनमधून माझ्याकडे येतात. चारमिनार बघायला येतो, असं घरी सांगून येतात. त्या माहेराचा वास घेऊन येतात, मेथीचे लाडू आणतात, माझ्या गॅलरीत पाय पसरून बसतात. घर म्हणजे आता माझ्यासाठी हे आहे. मी त्यांना त्या दारापर्यंत पोचवते आणि स्वतः बाहेर बसून राहते.