नेरुळचा पाहुणचार आणि वरचा कट

"मीनाला घेऊनच ये," असं आईने फर्मान काढलं आणि मी बँकेत रजा टाकली. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही बडोद्याचे. मीना माझी धाकटी बहीण. प्रकाश नावाचा साताऱ्याकडचा मुलगा कामानिमित्त आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, भाड्याने राहायला आला काय, आणि बघता बघता आमचा जावई झाला काय! प्रकाशचं इथलं काम संपलं, वैशाखात लग्न झालं आणि मीना नेरुळला, त्याच्या आई-वडिलांच्या घरी, सासरी गेली.

दर रविवारी ती एसटीडी बूथवरून फोन करायची. सगळं छान आहे म्हणायची. पण फोन ठेवताना हमखास विचारायची, "आई, आज आमटी कसली केलीस?" एकदा विचारलं तर गंमत वाटते. प्रत्येक वेळी विचारलं की आईला घोर लागतो. त्यात कुणीतरी ओळखीचं तिला भेटून आलं आणि "मीना अगदी वाळली हो" असं सांगून गेलं. आईने ठरवूनच टाकलं: पोरीला उपाशी ठेवतात. चार दिवसांसाठी म्हणून आणायची, आणि मग परत पाठवायची की नाही ते बघू. माझीही तयारी तीच होती. आमच्या घरात माझी जीभ गुळाची आणि स्वभाव लवंगी मिरचीचा, असं म्हणतात. भांडायला मीच जाणार हे उघड होतं.

आता तुम्ही नवी मुंबईला जाल ते फ्लेमिंगो बघायला, नाहीतर विमान पकडायला. तेव्हा तिकडे फिरायला जातो म्हटलं असतं, तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. बडोद्याहून पुण्याला जाणारी लक्झरी बस धरायची आणि तुर्भे नाक्याला उतरायचं, हा सोयीचा मार्ग. ठाणे-बेलापूर रस्ता लागला की खिडकी बंद करा, असं मला शेजारच्या काकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. कारखान्यांच्या त्या उग्र वासाने अशी खडबडून जागी झाले, की चहाची गरजच उरली नाही. नाक्यावर प्रकाश रिक्षा घेऊन उभा होता.

"मीना बरी आहे ना?" मी बसल्या बसल्या तोफ डागली.

"मस्त आहे, ताई. थोडं जेवणाचं आहे, पण होईल सवय. टेन्शन नका घेऊ."

म्हणजे याला माहीत होतं! मी मनात नोंद करून ठेवली.

नेरुळ मला अर्धवट काढलेल्या रांगोळीसारखं दिसलं. रुंद रस्ते, सेक्टरच्या पाट्या, मध्येच नुसतं गवत, आणि लांबवर खाडीचं पाणी. घर बैठं, दोन खोल्यांचं, दारात अबोली. मीना दारातच गळ्यात पडली. खांद्याची हाडं हाताला लागली.

सासूबाईंना मी काकू म्हणायचे. मीना त्यांना 'आत्या' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणायची, त्यांच्याकडची तशी पद्धत. काकू ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. मामा उंच आणि अबोल, वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी. रविवार असल्याने ते घरीच होते. पाण्याचा पेला हातात येतो तोच काकू म्हणाल्या, "अंघूळ करून घ्या, ताई. मटण शिजाय लागलंय."

त्या जेवणाचं काय सांगू! रस्सा पातेल्यात उकळत होता आणि वर लालभडक तेलाचा थर तरंगत होता. त्याला कट म्हणतात. काकूंनी डाव अलगद फिरवून नेमका तो थर गोळा केला, खालचा रस्सा तसाच ठेवून, आणि एक वाटी मामांपुढे, दुसरी माझ्यापुढे ठेवली. मग मीनापुढे. उरलेला साधा रस्सा प्रकाशला आणि स्वतःला.

"आई, मला कट नाही?" प्रकाश कुरकुरला.

"तू घरचा हायेस. पावण्यास्नी आन् घरधन्याला आदी."

पहिला घास घेतला आणि कानातून वाफा निघाल्या. डोळ्यांना धार लागली, नाक गळायला लागलं. समोर काकू कौतुकाने बघत होत्या. "आवडलं का? अजून वाढू?" मी पाणी पीत पीत मान हलवली, ती त्यांनी होकार समजून आणखी डावभर कट वाढला. भीक नको पण कुत्रा आवर! मीना खाली मान घालून भाकरीचा कोरडा तुकडा चघळत होती. तिची वाटी तशीच भरलेली होती. माझं डोकं वाटीतल्या रश्श्याहून जास्त तापलं. उद्याच हिला घेऊन निघायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

संध्याकाळी काकू सुकट आणायला सारसोळ्याला निघाल्या. मला म्हणाल्या, "चला, खाडी दाखवते." तुम्ही नेरुळला गेलात तर हे गाव जरूर बघा. सेक्टरांच्या मधोमध जुनं कोळीवाड्याचं गाव, अरुंद गल्ल्या, ओट्यांवर वाळत घातलेली जाळी, आणि जेट्टीपाशी चिखलात टेकलेल्या होड्या. आताचा पाम बीच रस्ता तेव्हा झालेला नव्हता. गल्ली संपली की सरळ खाडीच. कार्तिकातलं ऊन उतरत होतं, वारा गार होता, आणि मी रागात असूनही मला तिथे फार बरं वाटलं.

सुकट विकणाऱ्या बाईने माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोन गो? पावनी हाय का?"

"सुनंची थोरली बहीण. बडोद्याची."

"मंग जवला घे ना तिला. ताजा हाय, काल सुकवलाय."

"नको गं बाय," काकू म्हणाल्या. "त्यास्नी आमचं काय चालत न्हाई."

तो सूर मला बोचला. परतताना मी विषय काढणारच होते, तेवढ्यात काकूच रस्त्यात थांबल्या. "एक विचारू का, ताई? सहा म्हयनं झालं, पोरगी माझ्या हातचं पोटभर जेवली न्हाई. म्या काय इख घालते का वो? मसाला सोता भाजते, सोता कांडून आणते. घरात चांगला कट निघाला की तिच्या वाटीत घालते. पोराला देत न्हाई. आन् ती भाताला दही लावून उठती. म्या काय कमी केलं, ते तरी सांगा तिला विचारून."

डोळे भरले होते त्यांचे. मी भांडायला आले होते, आणि समोरची बाईच रडायला लागली. जाच म्हणून आम्ही बडोद्यात ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, ते या घरातलं सगळ्यात मानाचं वाढप होतं. मी नुसतं "विचारते" म्हटलं.

मीनाला विचारलं तर म्हणाली, "कसं सांगू, ताई? त्या एवढ्या हौसेनं वाढतात. नको म्हटलं तर नाकारल्यासारखं होतं. आणि खाल्लं की सगळा दिवस पोटात आग."

सोमवारी मामा म्हणाले, मार्केट बघायला चला. तुम्हाला वाशीला वेळ असेल तर मसाला मार्केट चुकवू नका, फक्त रुमाल मोठा न्या. मिरचीच्या गाळ्यात पाऊल टाकलं आणि मला एकामागून एक अशा शिंका आल्या, की हमाल काम थांबवून हसले. ब्याडगी, गुंटूर, संकेश्वरी, पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत. हवेतच तिखट. मामा पाठीवर पोतं घेऊन फळीवरून असे चढत, जणू उशीच उचलली आहे. दुपारी त्यांनी घरून आणलेला डबा, भाकरी आणि झणझणीत पिठलं, सोबत्याला दिला आणि स्वतः पाव-केळी घेऊन बसले.

"तुम्ही नाही जेवत, मामा?"

"उपास हाय आज."

"मामांचा रोजच उपास असतो," सोबती पिठल्यावर ताव मारत म्हणाला. "आपली मजा हाय!"

उपासाला पाव? मला विचित्र वाटलं. पण माझ्या डोक्यात रात्रीच्या जेवणाचा बेत शिजत होता, म्हणून मी तिकडे फार लक्ष दिलं नाही.

बेत असा: स्वयंपाक मी करणार. आमची बडोद्याची आमटी. तुरीच्या डाळीत आमसूल, शेंगदाणे, कढीपत्ता आणि सढळ हाताने गूळ. कळू दे यांना, तिखटाशिवायही जेवण होतं. मी वाट्या काठोकाठ भरल्या आणि मीना भाताचा डोंगर करून तुटून पडली. सहा महिन्यांचं जेवण जेवत होती पोर. मला धन्य वाटलं.

मग मी प्रकाशकडे पाहिलं. तो घास तोंडात फिरवत होता आणि गिळायचं धाडस करत होता. काकू प्रत्येक घासावर पाणी पीत होत्या, अगदी मी आदल्या दिवशी पीत होते तशाच. "आवडली का? अजून वाढू?" असं म्हणत मी डाव पुढे केला, आणि त्यांनी घाईघाईने वाटीवर हात ठेवला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! त्यांचं तिखट तो जुलूम, आणि माझा गूळ तो लाड. मला हसू आलं, आणि मी डाव खाली ठेवला.

"हिकडं आणा तो," मामा म्हणाले.

त्यांची वाटी रिकामी होती. मी वाढलं. त्यांनी ती भुरकून संपवली आणि पुन्हा पुढे केली. तिसऱ्या वेळी काकू जेवायच्या थांबल्या.

"आवं, तुमी गोडं कवापासनं खायाला लागला?"

मामांनी वाटी खाली ठेवली. मग वाटीकडे बघत म्हणाले, "जळतं गं पोटात. तिखट सोसवंना झालंय. लई दिस झालं."

"आन् माझा डबा?"

"सोबती खातो."

काकूंच्या हातातला घास तसाच राहिला. "म्या कट पयला तुमच्या वाटीत घालते. पयला! आन् तुमी मला सांगितलं न्हाई?"

"तू पयला घालतीस म्हणूनच न्हाई सांगितलं. एवढ्या हौसेनं करतीस. आन् मिरचीची पोती उचलणारा गडी, सातारचा, आन् म्हणतोय तिखट नको. हसत्याल की सगळी. चणे हायेत तर दात न्हाईत."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात मीना म्हणाली, अगदी हळू, "आत्या, मलापण जळतं. तुमच्या हातचं आवडत नाही असं नाही. सोसत नाही."

काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "म्हंजी माझ्या घरात दोन माणसं उपाशी, आन् म्या येडी मसाला भाजत बसलेय." पदर डोळ्याला लावून त्या उठल्या आणि भांडी घासायला घेतली. आम्ही कुणीच त्यांना अडवलं नाही. मामा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. खरं सांगू, मला वाटलं मी या घराची घडी विसकटली.

मंगळवारी संध्याकाळी माझी बस होती. मीनाची बॅग भरायची की नाही, हे मी तिला विचारलं नव्हतं आणि तीही काही बोलली नव्हती. काकूंनी दुपारपासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं, आत कुणाला येऊ देत नव्हत्या. मला गाडीला उशीर नको म्हणून पानं लवकर मांडली. मटकीची उसळ होती, पिवळसर, शांत. आणि मधोमध एका वेगळ्या पातेलीत लालभडक कट.

"उसळीत तिखट नावाला हाय," काकू म्हणाल्या. "कट वायला काढलाय. ज्याला पायजेल त्यानं आपल्या हातानं घ्यावा. कुणी कुणाच्या वाटीत घालायचा न्हाई, म्या बी न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "आन् ताई, परत याल तवा तुमचा गूळबी असाच वायला ठिवा."

"कबूल," मी म्हटलं. प्रकाशने एवढा कट ओतून घेतला की उसळ बुडाली. मामांनी पातेलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मीनाने एक थेंब घेतला, चाटून बघितला, आणि डोळे मिटून "आई गं!" म्हणाली. काकू खळखळून हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता.

माझं आधी आटपलं. प्रकाश रिक्षा आणायला गेला. मीना उठायला लागली तर मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. काकू तिच्या पानात भाकरी वाढत होत्या.

तीन दिवसांच्या त्या प्रवासातून मी काय आणलं? सारसोळ्याची गार हवा आठवते, मार्केटातल्या शिंका आठवतात. आणि वाढणाऱ्याचा हात कितीही मायेचा असला तरी जीभ खाणाऱ्याची असते, एवढं मला कळलं. पाहुणा आला की त्याला काय सोसतं ते मी आधी विचारते. प्रवासातही कुणी वाढायला आलं की माझं मी स्पष्ट सांगते. एकदा सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

सकाळी बडोद्याला घरी पोचले तेव्हा आई फाटकातच उभी होती. माझ्यामागे तिने रिक्षात वाकून पाहिलं. रिक्षात फक्त माझी पिशवी होती.

"मीना कुठे आहे? आणली नाहीस?"

"नाही," मी म्हटलं. "ती जेवत होती."